वाढते आहे, कमी होते आहे, की तशीच आहे?



बुद्ध पौर्णिमा म्हटली की खीर आलीच. आम्ही इचिकावात राहणारी आणि एदोगावा नदीपलीकडच्या निशी-कासाईहून येणारी मंडळी ग्योतोकूमध्ये एक सभागृह भाड्याने घेतो. त्रिसरण-पंचशील होते, वंदना होते, थोडे वाचन होते आणि मग खिरीचे कप फिरू लागतात. तुम्ही लेस्टरला असा, टोरांटोला असा वा दुबईला, तुमच्याकडे याहून फार वेगळे होत असेल असे वाटत नाही. कप पुढे करणाऱ्या ताई प्रेमानेच म्हणतात, "अहो, एका कपाने काय होतंय? सुजाताची खीर आहे, नाही म्हणू नये."

ज्याला मधुमेह आहे त्याच्यापुढे त्या क्षणी तीन वाटा असतात. खावे आणि घरी जाऊन रात्री बोटाला सुई टोचत बसावे. किंवा नको म्हणावे, सगळ्यांसमोर आपल्या साखरेची हकिगत सांगावी आणि मग मेथीचे दाणे, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड यांवरचे सल्ले ऐकावेत. किंवा खीर येण्याआधीच "उद्या लवकर ऑफिस आहे" म्हणून बूट घालावेत. मला मधुमेह होऊन सहा वर्षे झाली. तिन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत. आमच्यातले एक वडीलधारे दादा मात्र गेल्या वर्षीपासून येईनासेच झाले. कामाचा ताण असेल, असे आम्ही आपापसात ठरवून टाकले. त्यांना कोणी विचारले नाही. मीही नाही.

हे सगळे लिहायला बसलो ते एका कागदामुळे.

मी जातो त्या दवाखान्यात गेल्या हिवाळ्यात नर्सबाईंनी माझ्या हातात वीस प्रश्नांचा एक कागद दिला. तोवर तिथे माझे मोजले जात असे ते एवढेच: वजन, रक्तदाब आणि तीन महिन्यांची सरासरी साखर. आकडा सातच्या वर दिसला की डॉक्टर संगणकाकडे बघत "गाम्बात्ते" म्हणत, म्हणजे जोर लावा, आणि तीन मिनिटांत मी बाहेर. या कागदावर मात्र भलतेच काही विचारले होते. पुढे काय होईल याची धास्ती वाटते का? पथ्य मोडले की अपराधी वाटते का? या आजारात आपण एकटे पडलो आहोत असे वाटते का? काय खावे नि काय खाऊ नये हे लोक सांगू लागले की अवघडल्यासारखे होते का? प्रत्येक प्रश्नापुढे शून्य ते चार असे आकडे. शून्य म्हणजे त्रास नाही, चार म्हणजे मोठा त्रास.

मी भराभर शून्यांभोवती गोल काढले. अगदीच खोटे दिसू नये म्हणून कुठे एक, कुठे दोन. बेरीज आठ झाली. बेरजेला सव्वाने गुणतात, म्हणजे शंभरपैकी दहा. नर्सबाई म्हणाल्या, छान आहे. परीक्षेत पास झाल्यासारखा मी स्टेशनवर आलो, आणि गाडीत बसल्यावर लक्षात आले की चौथे शील आपण नुकतेच मोडले, तेही जिथे नुकसान फक्त आपलेच आहे अशा ठिकाणी.

का बोललो खोटे? इथे कंपनीच्या वार्षिक तपासणीचा निकाल कंपनीकडेही जातो, त्यामुळे दवाखान्यातला प्रत्येक कागद तिकडेच जाईल अशी धास्ती असते. पण ते वरचे कारण झाले. आतले कारण जुने आहे आणि ते तुम्हाला समजावून सांगावे लागणार नाही. आपल्यापैकी अनेकजण आडनाव विचारले की क्षणभर थांबतात. समोरचा का विचारतो आहे, उत्तराचे तो काय करील, हा हिशेब पूर्ण होईपर्यंत तोंड उघडत नाही. ही सवय कोणी हौसेने लावून घेतलेली नाही. ती शाळेत लागली, वसतिगृहात लागली, भाड्याच्या खोलीच्या दारात लागली. पण एकदा लागली की जिथे तिची गरज नाही तिथेही हात आपोआप शून्याकडे जातो. माझे एक मित्र ऑफिसात स्वच्छतागृहाचे दार लावून इन्सुलिन टोचून घेतात. ते मला एकदा म्हणाले, "पुण्यात खोली मिळवताना जात लपवली, इथे सुई लपवतो."

त्या कागदाची माहिती नंतर काढली. 'प्रॉब्लेम एरियाज इन डायबेटिस' असे त्या प्रश्नावलीचे नाव. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रात तयार केली आणि १९९५ साली प्रसिद्ध केली. पुढे ती अनेक भाषांत गेली, जपानीतही आली. शंभरपैकी चाळीस किंवा त्याहून अधिक गुण आले तर त्या माणसाकडे गांभीर्याने लक्ष द्यावे असा संकेत आहे. २००५ साली पोलोन्स्की आणि दुसऱ्या काही सहकाऱ्यांनी सतरा प्रश्नांची दुसरी मोजपट्टी आणली, 'डायबेटिस डिस्ट्रेस स्केल'. हा 'डिस्ट्रेस' म्हणजे नैराश्याचा आजार नव्हे, यावर हे संशोधक फार भर देतात. रजा नसलेली एक नोकरी आयुष्यभर करावी लागते, तिचा हा शिणवटा आहे. माणूस वेडा नाही, कमकुवतही नाही. त्याच्यावरचे ओझे खरे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत या शब्दाला काय म्हणावे, यावर मी थोडा वेळ अडलो. 'ताण' फारच ऑफिसातला झाला. आई म्हणायची, "जिवाला घोर लागलाय." शेजारच्या काकू म्हणायच्या, "उबग आला बाई या पथ्याचा." घोर पुढचा असतो, उबग रोजचा असतो, आणि 'वैताग' बहुधा दुसऱ्या माणसांचा असतो. वीस प्रश्नांत हे तिन्ही आहेत. आपण मात्र तिन्ही गिळून एवढेच म्हणतो, "थोडी साखर आहे."

२०१३ साली सतरा देशांतली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. भारत आणि जपान दोन्ही तिच्यात होते. मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांत असा त्रास आढळला. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचा अंदाज २०२३ साली आला आहे. या दोन आकड्यांचा सरळ गुणाकार करू नये हे मला कळते, पण आपल्या नात्यागोत्यातली किती माणसे त्यात असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

आता माझा प्रश्न. दुःख असे मोजावे का?

मोजू नये, असे म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. मधुमेही माणूस आधीच आकड्यांनी पिचलेला असतो. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, चपात्या किती, पावले किती. त्यात आता मनालाही आकडा! एकोणचाळीस आले तर माणूस बरा आणि चाळीस आले तर दुःखी, हे कोणाला पटावे? शिवाय विचारून पुढे काय? कागद फाइलमध्ये लागतो, डॉक्टर पुन्हा गाम्बात्ते म्हणतात. ज्याला उत्तराचे काही करायचे नाही त्याने प्रश्न विचारणे ही एक प्रकारची क्रूरताच आहे, असे मला वाटते.

आणखी एक आक्षेप आपल्या घरातला आहे, आणि तो जास्त अवघड आहे. आपण म्हणतो, बाबासाहेबांना काय कमी मधुमेह होता? हे खरेच आहे. १९४८ साली ते मधुमेह, निद्रानाश आणि पायांच्या वेदनांनी त्रासलेले होते. इन्सुलिन चालू होते. त्याच वर्षी १५ एप्रिलला त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे माईसाहेबांशी झाला. १९५४ साली जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते. दृष्टी अधू होत चालली होती. तरी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी लाखोंना धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण होण्याच्या काही दिवस आधीपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे काम चालू होते. हे सांगून आपण समोरच्याला विचारतो, मग तुझे काय घेऊन बसलास?

हा दाखला मीही दिला आहे, माझ्या धाकट्या भावाला. त्याने नंतर साखरेविषयी माझ्याशी बोलणेच सोडले.

पण बाबासाहेब स्वतः आपल्या आजाराविषयी गप्प होते का? त्या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती. तिच्यात ते मोकळेपणाने लिहितात की ग्रंथाला पाच वर्षे लागली, या काळात प्रकृती खालीवर होत राहिली आणि एका टप्प्यावर डॉक्टरांनी जवळजवळ आशाच सोडली होती. आपण त्यातून तरलो याचे श्रेय ते पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना देतात. म्हणजे आजार किती आहे हेही सांगितले आणि आपल्याला कोणी सांभाळले हेही सांगितले. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. पुढे १९८० साली भगवान दास यांनी ती छापून लोकांपुढे आणली. आपल्याला झुंजणारे बाबासाहेब पाठ आहेत. आजारपण सांगणारे बाबासाहेब तेवीस वर्षे पुस्तकाबाहेर होते, आणि आपल्या बोलण्यात ते आजही फारसे येत नाहीत.

आता विनयपिटकातील महावग्गाकडे या. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. विहारातून फिरताना तथागत तिथे आले, आनंद बरोबर होता. ही कथा बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात घेतली आहे, म्हणून तुम्हाला ठाऊक असेल. पाणी आणून तथागतांनी आणि आनंदाने मिळून त्याला धुतले, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून त्याला मंचावर ठेवले, इथवर आपण आवडीने सांगतो. पण पाणी आणायला सांगण्याआधी तथागतांनी काय केले ते आपण भराभर ओलांडून जातो. त्यांनी प्रश्न विचारले. तुला काय होते आहे? तुझ्याजवळ शुश्रूषेला कोणी आहे का? नाही, तर बाकीचे भिक्खू तुझ्याकडे का बघत नाहीत? तो म्हणाला, मी त्यांच्या काही उपयोगाचा नाही.

तीन प्रश्नांपैकी एकच आजाराचा आहे. उरलेले दोन आजूबाजूच्या माणसांचे आहेत. नंतर तथागतांनी संघाला एकत्र बोलावले आणि हेच प्रश्न संघाला विचारले. जाब तिथे रुग्णाला द्यावा लागला नाही.

त्याच प्रकरणात पुढे रुग्णाचे आणि शुश्रूषा करणाऱ्याचे गुणदोष सांगितले आहेत. ज्याची शुश्रूषा करणे कठीण जाते अशा रुग्णाचा एक दोष असा, की तो आपले दुखणे आहे तसे सांगत नाही: वाढत असेल तर वाढते आहे, कमी होत असेल तर कमी होते आहे, थांबले असेल तर थांबले आहे. हे मी पहिल्यांदा नीट वाचले तेव्हा दवाखान्यातला तो कागदच आठवला. तीनच खणांची मोजपट्टी आहे ही. ती वापरायला शिक्षण लागत नाही. सांगणारा खरे सांगणारा हवा, आणि ऐकणाऱ्याने ऐकल्यावर काही करायला हवे. शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांतही तेच आहे: त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी आणि मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस करू नये.

किळशीवरून आठवले. जपानीत या आजाराला 'तोन्योब्यो' म्हणतात. तो म्हणजे साखर, न्यो म्हणजे लघवी, ब्यो म्हणजे रोग. चारचौघांत हा शब्द उच्चारणे अनेकांना जड जाते. २०२३ साली इथल्या मधुमेहतज्ज्ञांच्या आणि मधुमेहींच्या संघटनांनी मिळून हे नाव बदलून 'दायाबेतिसु' म्हणावे असा प्रस्ताव मांडला. आमच्या ऑफिसातल्या एकाला हा शहाजोगपणा वाटला. नाव बदलून साखर उतरते का, असे तो म्हणाला. साखर उतरत नाही, पण ज्यांना नावानेच खाली ढकलले गेले त्या आपल्यासारख्यांनी तरी हे हसण्यावारी नेऊ नये. मधुमेहातल्या 'मेह'चा अर्थही तोच आहे, फक्त तो संस्कृतात झाकला गेला आहे आणि वर मध लावला आहे.

तर मोजण्याविषयी माझे मत असे बनत गेले. मोजमापाची नैतिकता आकड्यात नसते. प्रश्न कोणाकडे बोट दाखवतात, यात ती असते. २००५ च्या त्या मोजपट्टीचे चार भाग आहेत. एक मनावरच्या ओझ्याचा, एक पथ्यपाण्याचा, पण उरलेले दोन डॉक्टर ऐकून घेतो का आणि घरचे-मित्र समजून घेतात का, असे विचारणारे आहेत. म्हणजे निम्मे विषय रुग्णाच्या बाहेरचे. दुःखाचे खापर ज्याचे त्याच्या कर्मावर फोडणारी विचारसरणी बाबासाहेबांनी नाकारली. माणसाने माणसाशी कसे वागावे हा त्यांनी धम्माचा गाभा मानला, आणि दुःख आहे हे मान्य करून ते दूर करण्याचा मार्ग दाखवणे हा धम्माचा पाया. मान्य करणे आधी येते. जे शून्य लिहिले गेले ते मान्य कसे व्हायचे?

त्या मोजपट्टीतही उणे होतेच. नागपूरच्या एखाद्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या मावशीला इन्सुलिन आणि साखर तपासायच्या पट्ट्या या महिन्यात परवडतील का, हा तिचा पहिला घोर असतो. तो जुन्या सतरा प्रश्नांत नव्हता. २०२२ साली आलेल्या नव्या मोजपट्टीत उपचार मिळण्यातल्या अडचणी आणि लाज हे दोन्ही विषय आले आहेत. संशोधकांना हे सुचायला सतरा वर्षे लागली. मावशीने पहिल्याच दिवशी सांगितले असते.

नोंद ठेवण्याने काय होते, याचे एक उदाहरण आमच्याच शहरात आहे. इचिकावाच्या उत्तरेला, एदोगावाच्या काठी, कोनोदाईला एक मोठे सरकारी रुग्णालय आहे. (मी जातो तो दवाखाना हा नव्हे.) युद्धाच्या काळात ते लष्करी इस्पितळ होते आणि मन खचलेल्या सैनिकांना तिथे पाठवत. सम्राटाच्या सैनिकाचे मन खचते हे मान्य करणेच तेव्हा लाजिरवाणे होते. १९४५ साली शरणागतीनंतर लष्करी कागदपत्रे जाळण्याचा हुकूम निघाला. कोनोदाईच्या सुमारे ८,००० रुग्णांच्या नोंदी मात्र डॉक्टरांनी लपवून वाचवल्या. वरिष्ठांच्या मारहाणीने कोसळलेली माणसे त्यांत आहेत, चीनमध्ये सामान्य लोकांना मारल्याच्या आठवणीने झोप उडालेलीही आहेत. त्या नोंदींनी त्या माणसांना बरे केले नाही. पण असे दुःख कधी झालेच नव्हते, असे आता कोणाला म्हणता येत नाही.

युद्धाची आणि साखरेची तुलना मी करत नाही. मला त्या डॉक्टरांचे नवल वाटते, ज्यांना नोंद जाळण्यापेक्षा जपण्यात आपले कर्तव्य दिसले.

एका गोष्टीचा धोका मात्र सांगून ठेवतो. आजारी नकुलपित्याला तथागत म्हणाले होते की शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देऊ नकोस. हा उपदेश आपण एकमेकांना औषधासारखा देतो. पण तो म्हातारा आधी स्वतः येऊन आपल्या जर्जर शरीराविषयी बोलला होता, आणि ते ऐकून घेतल्यावर त्याला हे सांगितले गेले. न विचारता, न ऐकता हेच वाक्य कोणाला सुनावले तर तो खिरीच्या कपाबरोबर मिळणारा आणखी एक सल्ला होतो. वेदनेची अनुपस्सना आपण शिकतो तीही वेदना आहे तशी जाणण्यासाठीच.

एप्रिलमध्ये मी त्या नर्सबाईंना म्हणालो की मागचा कागद मी नीट भरला नव्हता, पुन्हा द्याल का. त्यांनी दिला. या वेळी अर्धा तास लागला. बेरीज सदतीस आली, म्हणजे शंभरपैकी शेहेचाळीस. त्यांनी आकड्याकडे पाहिलेच नाही. ज्या प्रश्नाला मी चार दिले होते तिथे बोट ठेवून विचारले, हे कधी होते? मी म्हणालो, लोकांत जेवताना. माझी जपानी मोडकी आहे, त्यामुळे खीर म्हणजे काय हे सांगण्यातच पाच मिनिटे गेली. मग त्या म्हणाल्या, तुमच्या मंडळींना हे माहीत आहे का?

माहीत नव्हते. म्हणून या पौर्णिमेआधी मी खीर करणाऱ्या ताईंना फोन केला. त्या आधी ओशाळल्या, मग जरा रागावल्या. "इतकी वर्षं बोलला का नाहीत?" म्हणाल्या. या वेळी एका टेबलावर खीर आणि काकडी, चणे, ताक असे सगळे मांडले होते आणि कोणी कोणापुढे काही धरत नव्हते. चौघांनी खीर घेतली नाही. त्यांतल्या दोघांना मधुमेह आहे हे मला त्या दिवशी कळले.

येईनासे झालेले दादा याही वेळी आले नव्हते. रात्री त्यांना फोन केला. हवापाणी झाले, मुलीच्या शाळेचे झाले. मग मी विचारले, "दादा, तुमचं दुखणं कसं आहे? वाढतंय, कमी होतंय, की तसंच आहे?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले फोन कटला.

"वाढतंय," ते म्हणाले.

शनिवारी त्यांच्याकडे जाणार आहे.